ॲम्बॅसेडरच्या दारातले सामान न तोडता उतरवताना

गॅरेजमध्ये दाराचे आतले सामान उतरवण्याचे काम सहसा सर्वांत धाकट्या पोराच्या हाती दिले जाते. इंजिन मिस्त्री स्वतः खोलतात, गिअरबॉक्सला अनुभवी माणूस लागतो, आणि काच वर-खाली करायचे हँडल, दार उघडायचे आतले हँडल, रेक्झिनचे पॅनेल या गोष्टी मात्र ‘दोन स्क्रू तर आहेत’ अशा समजुतीने कोणीही ओढून काढतो. जुन्या गाडीच्या बाबतीत ही समजूत फार महाग पडते. ॲम्बॅसेडरच्या इंजिनाचे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे आजही शोधल्यास मिळतात. पण पन्नास वर्षांपूर्वीचे मूळ हँडल मुळापाशी तडकले, की त्याच्या जोडीचे दुसरे मिळेपर्यंत हंगाम निघून जातात, आणि मिळते तेही बहुधा कोणीतरी आधीच पेचकसाने ओरबाडलेले असते. म्हणून आमच्या घरच्या गाडीच्या दारांचे काम मी स्वतः करायला घेतले. मी शाळेत शिकवतो, मिस्त्री नाही; परंतु या कामाला ताकदीपेक्षा सवड अधिक लागते, आणि सवड मिस्त्रीपेक्षा माझ्याकडे जास्त आहे.

गाडी १९७१ सालची मार्क टू आहे. आमच्या आबाजींनी ती आर्वीच्या एका जिनिंगवाल्याकडून जुनीच घेतली होती. कापसाच्या हंगामात ती जितकी बाजार समितीच्या आवारात दिसे, तितकीच लग्नसराईत गावातल्या कोणाच्या ना कोणाच्या मांडवापुढे दिसे. पुढे ती गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली आणि तिच्या दारांत तीन गोष्टी साचत गेल्या: पाणी, काळ्या मातीची धूळ आणि गंज.

ॲम्बॅसेडर ही मुळात ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची भारतीय आवृत्ती होय. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात तिचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले, १९६३ मध्ये मार्क टू आली, १९७५ मध्ये मार्क थ्री आली, आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबले. हा इतिहास सांगण्याचे कारण दारातच आहे. एवढा काळ जवळजवळ त्याच अंगाची गाडी बनत राहिल्याने एका काळातले सामान दुसऱ्या काळातल्या गाडीत बसते, निदान बसवले तरी जाते. आमच्या गाडीच्या दोन दारांना मूळ हँडले आहेत, एकाला नंतरच्या कुठल्यातरी गाडीचे आहे, आणि चालकाच्या दाराला बाजारात मिळणारे हलके, नकली हँडल कोणीतरी लावून दिले होते. त्यामुळे ‘ॲम्बॅसेडरचे हँडल असे निघते’ असे एकच एक उत्तर देता येत नाही. दार कोणते आहे, हे पाहण्यापेक्षा त्या दारावर आज प्रत्यक्षात काय लावलेले आहे, हे आधी पाहावे लागते.

दार खोलावे का, हाही प्रश्न रास्त आहे. काच अर्ध्यावर अडकत असेल, दार लावल्यावर आतून खुळखुळ ऐकू येत असेल, किंवा दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड आले असतील, तर खोलण्यावाचून गत्यंतर नाही. पुष्कळांची अशी कल्पना असते की दाराच्या आत पाणी शिरूच नये. वास्तविक ते शिरणारच असते. काच ज्या फटीतून वर-खाली होते, त्या फटीतून पावसाचे पाणी दाराच्या पोटात उतरते, आणि ते बाहेर पडावे म्हणून दाराच्या तळाशी लहान छिद्रे ठेवलेली असतात. छिद्रे मोकळी असतील तर दार वर्षानुवर्षे टिकते. ती बुजली की पाणी तळाशी साचते आणि पत्रा आतून बाहेर असा कुजत येतो. बाहेरून फोड दिसतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

आमच्याकडे या कामाला ऋतू पाहावा लागतो. वैशाखात टिनाखाली उभ्या असलेल्या गाडीच्या क्रोमला दुपारी बोट लावता येत नाही. ऐन थंडीच्या सकाळी उलट अडचण होते. जुने रेक्झिन कडक झालेले असते आणि कडेला वाकवताच तडा जातो. पावसाळ्यात हार्डबोर्ड ओल धरून फुगलेला असतो, त्यामुळे क्लिपा त्याच्यातून निघण्याऐवजी त्याचा लचका घेऊन निघतात. दिवाळीनंतर, कोवळे ऊन दारावर तासभर पडू दिल्यावर, रेक्झिन जरा मऊ होते आणि हार्डबोर्ड कोरडा असतो. तीच वेळ सर्वांत चांगली. कापूस वेचणीची गडबडही त्याच दिवसांत असते, हा भाग वेगळा.

हत्यारे फारशी लागत नाहीत. या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत, म्हणून मिलिमीटरचे पाने त्यांवर चालवू नयेत. किंचित ढिला बसलेला पाना नटाचे कोपरे गोल करतो, आणि मग पक्कड, छिन्नी, शिव्या अशी पुढची साखळी सुरू होते. जुने मिस्त्री अजूनही सुताच्या हिशेबाने माप सांगतात, म्हणजे आठ सूत म्हणजे एक इंच, आणि ‘चार सुती’ म्हटले की अर्धा इंच. त्याशिवाय एक बारीक पंच, लोहचुंबक, लाकडाच्या पातळ पट्ट्या, जमिनीवर अंथरायला जुनी पांढरी चादर, आणि सामान ठेवायला कपाशीच्या बियाण्याची रिकामी, धुतलेली पाकिटे मी घेतली. प्रत्येक पाकिटावर दाराचे नाव आणि वस्तूचे नाव लिहिले. चार दारांच्या पिना एकाच डबीत टाकल्या तर त्या परत लावताना कोणती कुठली हे ओळखता येत नाही, आणि त्या सगळ्या एकसारख्या असतील असे गृहीत धरू नये.

पाना उचलण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावेत, ही सूचना आता सगळेच देतात. मी तिच्यात एक भर घालीन. काच पूर्ण वर असताना हँडलचा दांडा कोणत्या दिशेला आहे, तो चिकटपट्टीचा तुकडा पॅनेलवर लावून पेन्सिलीने नोंदवावा, आणि दार उघडायचे हँडल सैल सोडल्यावर कुठे थांबते तेही तसेच नोंदवावे. फोटो तिरका येतो, त्यातून कोन कळत नाही. हँडल ज्या दांडीवर बसते ती चौकोनी असेल तर बसण्याच्या चारच जागा असतात. दाते असलेली असेल तर पुष्कळ असतात, आणि एक-दोन दात्यांचा फरक पडला तरी हँडल मांडीला किंवा हाताच्या टेक्याला लागू लागते.

आता मुख्य गोष्ट. हँडल दांडीवर धरून ठेवणारी वस्तू सहसा दिसत नाही, आणि नेमके त्यामुळेच नुकसान होते. जे दिसत नाही ते नाहीच असे समजून माणूस हँडल ओढू लागतो. जुन्या गाड्यांत मला तीन प्रकार आढळले. पहिल्यात हँडलच्या मधोमध स्क्रू असतो आणि त्यावर कधी प्लास्टिकची टोपी असते. नखाने किंवा पातळ पात्याने ती टोपी उचलली की काम संपले. गावातल्या एका डॉक्टरांच्या पद्मिनी मोटारीला मागाहून लावलेली हँडले अशी होती आणि त्यांच्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

दुसरा प्रकार आडव्या पिनेचा. आमच्या गाडीची मूळ हँडले याच पद्धतीची आहेत. हँडलच्या मुळाशी क्रोमची एक गोल चकती असते, ती पॅनेलला चिकटलेली वाटते, पण प्रत्यक्षात पॅनेलच्या मागे बसलेली एक स्प्रिंग तिला सतत हँडलकडे ढकलत असते. ती चकती दोन बोटांनी पॅनेलकडे दाबली की हँडलच्या मानेत आरपार गेलेली एक बारीक पिन दिसते. पिन हँडलमधून आणि दांडीमधून एकाच वेळी गेलेली असते, आणि चकती तिला झाकून ठेवते म्हणून ती आपोआप गळून पडत नाही. रचना इतकी साधी आणि इतकी नेटकी आहे की ती पहिल्यांदा उघडी पाहिल्यावर मी बराच वेळ नुसती चकती दाबून सोडून पाहत बसलो.

अडचण अशी की एका हाताने चकती दाबायची, दुसऱ्याने पंच धरायचा आणि हातोडी मारायला तिसरा हात शिल्लक नसतो. यासाठी लाकडाच्या पट्टीला एका टोकाला खाच पाडून घ्यावी. ती खाच हँडलच्या मानेभोवती बसवून पट्टी दाबली की चकती सरळ आत जाते, तिरकी होत नाही आणि क्रोमवर ओरखडा येत नाही. पट्टी धरायला मी पुतण्याला बसवले. पंच पिनेपेक्षा किंचित बारीक हवा. जाड असला तर तो छिद्राचे तोंडच रुंद करतो. आमच्या पिनेसाठी सायकलच्या तारेचा सरळ तुकडा, टोक कानशीने सपाट करून, अगदी योग्य ठरला. सायकलची तार साधारण दोन मिलिमीटर जाडीची असते आणि कोणत्याही पंक्चरच्या दुकानात मिळते.

पिनेची दोन्ही टोके भिंगातून पाहावीत. काही पिना एका बाजूला किंचित जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असतात, आणि त्या बारीक बाजूने मारल्या तरच निघतात. जाड बाजूने मारत राहिले तर दर घावागणिक पिन अधिक घट्ट बसते. गावातले एक वयस्कर मिस्त्री, ज्यांनी ही गाडी आबाजींच्या काळापासून पाहिली आहे, ते त्या वेळी शेडमध्ये येऊन बसले होते. पुतण्याने हातोडी जरा जोरात चालवताच ते म्हणाले, “पोरा, जोर कायले लावून राहिला? थे पिन धाकानं न्हाई निंगत. रस्ता देल्ला का आपोआप निंगते.” आणि खरोखरच दुसऱ्या बाजूने दोन हलके टोले दिल्यावर पिन चादरीवर पडली.

पिन निघाली तरी हँडल निघेलच असे नाही, आणि इथे धातूविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ही चकचकीत हँडले पोलादी नसतात. ती जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतून केलेली, आणि वरून तांबे, निकेल व क्रोम यांचे पातळ थर दिलेली असतात. लोहचुंबक लावून पाहिल्यास तो चिकटत नाही, यावरून ओळख पटते. दांडी मात्र पोलादाची असते. दोन वेगळे धातू, मध्ये वर्षानुवर्षांची ओल, यामुळे दोहोंच्या सांध्यात पांढरी भुकटी साचते, भिंतीला लोणा लागावा तशी, आणि ती फुगून हँडलला दांडीवर आवळून टाकते. अशा वेळी हँडल हलवून हलवून काढण्याचा मोह होतो. जस्ताची ही मिश्रधातू वाकत नाही, तुटते. आणि तुटते ती नेमकी पिनेच्या छिद्रापाशी, कारण तिथे तिची जाडी सर्वांत कमी असते. तुटलेला तुकडा जोडणे साध्या वेल्डिंगवाल्याच्या आवाक्यातले नसते.

काही जण गॅसची ज्योत दाखवतात. तसे करू नये. शुद्ध जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि ही मिश्रधातू त्याहूनही कमी तापमानाला, ३८० ते ३९० अंशांच्या आसपास, पाझरू लागते. ज्योतीखाली हँडल लाल होऊन इशारा देत नाही, एकदम बसते. शिवाय मागे हार्डबोर्ड, रेक्झिन आणि कधी डांबरी कागद असतो, म्हणजे पेटण्याची सगळी तयारी. परंतु उष्णतेचा एक सौम्य उपयोग मात्र आहे. तापल्यावर जस्त पोलादाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते, म्हणून हँडलचे छिद्र दांडीपेक्षा जास्त मोठे होते. गंज सोडवणारे तेल सांध्यात थेंब थेंब सोडून रात्रभर तसेच ठेवावे, सकाळी उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेले फडके हँडलच्या मानेला गुंडाळावे, आणि एक-दोन मिनिटांनी दोन्ही बाजूंनी सारख्या जोराने, लाकडाच्या पट्टीचा टेका घेऊन, हँडल बाहेरच्या दिशेला उचलावे. डावीकडच्या मागच्या दाराचे हँडल, जे निघेल अशी आशा मिस्त्रींनीही सोडली होती, ते असेच निघाले.

तिसरा प्रकार घोड्याच्या नालेच्या आकाराच्या तारेच्या क्लिपेचा. ही क्लिप हँडलच्या मागच्या बाजूला खाचेत बसते आणि दांडीवरच्या गाळ्यात अडकते. तिच्यासाठी खास हत्यार मिळते. ते नसेल तर जुन्या सुती धोतराची दोन बोटे रुंद पट्टी हँडल आणि चकती यांच्या मधून घालून, दोन्ही टोके धरून, आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे ओढावी. कापडाचे धागे क्लिपेच्या टोकांत अडकतात आणि ती बाहेर सरकते. पॉलिस्टरचे कापड घसरते, सुतीच हवे. क्लिप सुटताना उडते, म्हणून दुसऱ्या माणसाने वरून ओंजळ धरावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा. परत बसवताना हा प्रकार सर्वांत सोपा आहे: क्लिप आधी हँडलच्या खाचेत बसवायची, हँडल दांडीवर ठेवायचे आणि तळहाताने एक थाप द्यायची.

पॅनेल काढण्याविषयी थोडक्यात. हाताच्या टेक्याचे स्क्रू खालच्या बाजूने असतात, ते आधी काढावेत. एकही स्क्रू राहिला असेल तर पॅनेल तिथेच फाटते. बाकी पॅनेल स्प्रिंगच्या क्लिपांनी दाराच्या छिद्रांत अडकवलेले असते. पेचकसाने उचकटल्यास त्याचे टोक हार्डबोर्डमधून आरपार जाते, म्हणून रुंद आणि पातळ वस्तू हवी. मी स्वयंपाकघरातला सराटा, म्हणजे उलथणे, वापरला. त्याबद्दल घरात जे ऐकावे लागले ते इथे नोंदवण्याचे कारण नाही, परंतु त्या कामासाठी बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या हत्यारांपेक्षा तो निश्चितच चांगला आहे. क्लिप नेमकी कुठे आहे हे बोटांनी चाचपून, सराटा क्लिपेच्या अगदी लगत सरकवावा आणि पिळावा. दोन क्लिपांच्या मधोमध जोर दिला की हार्डबोर्ड वाकतो.

पॅनेलच्या मागे प्लास्टिकचा किंवा डांबरी कागदाचा पडदा असायला हवा. आमच्या गाडीत एकाच दारात त्याचे अवशेष होते. मागे कोणीतरी दार खोलले, पडदा फाडून फेकला आणि ‘याचे काय काम’ असे म्हणून तसेच बंद केले, असे दिसते. त्याचे काम हेच की दाराच्या पोटातून वाहणारे पाणी हार्डबोर्डला लागू नये. तो नसल्याने उरलेल्या तीन पॅनेलांची खालची कड बिस्किटासारखी भुसभुशीत न होती तरच नवल.

दाराच्या पोटात काय काय निघावे? मातीत मुरलेली धूळ, जी पाण्याने थापली जाऊन तळाशी दोन बोटे जाड बसली होती, सरकीची काही बोंडे आणि कापसाचे पुंजके, बहुधा उंदरांनी आणलेले, एक नाणे, आणि काचेच्या रबराचे चुरे. तळाची छिद्रे शोधताना मात्र नवीनच प्रकार दिसला. दोन छिद्रांत कुंभारमाशीने चिखलाचे घर बांधले होते. बाहेरून ते रंगाच्या थरासारखे गुळगुळीत दिसत होते, आणि आतल्या बाजूला गाडग्याच्या तोंडासारखी छोटी गोल कड होती. पाणी जायची वाट तिने इतकी पक्की बंद केली होती की दाभणाने टोकरल्यावरच माती सुटली. दर पावसाळ्यापूर्वी ही छिद्रे दाभण घालून मोकळी करण्यासाठी दार खोलावे लागत नाही. गुडघ्यावर बसून खालून पाहिले तरी पुरते.

काच आणि तिला उचलणारी यंत्रणा उतरवण्यापूर्वी काच पूर्ण वर घेऊन लाकडाच्या दोन पाचरींनी फटीत घट्ट करावी, आणि वरून दाराच्या चौकटीला रुंद चिकटपट्टी लावावी. यंत्रणेचा हात एका सरकत्या चॅनेलमधून काचेला धरतो. तो सुटला की काच स्वतःच्या वजनाने खाली आदळते. दारांच्या काचा सहसा टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेल्या, असतात. त्या मधल्या भागावर पुष्कळ मार सोसतात, पण कडेला लागलेला छोटा घाव त्यांना पुरतो, आणि फुटल्या की दाणे होतात. अशी काच नंतर कापून मापाला आणता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. अनेक गाड्यांच्या यंत्रणेत गुंडाळीची एक ताणलेली स्प्रिंग असते, जी काचेचे वजन तोलते. बोल्ट निघताच यंत्रणेचा हात झटक्याने फिरू शकतो आणि दाराचे आतले पत्रे पात्यासारखे धारदार असतात, तेव्हा त्या वेळी बोटे आत ठेवू नयेत. जाड हातमोजे घातले तर बोटांना काही कळत नाही, न घातले तर रक्त निघते. मी पातळ चामड्याचे घातले.

कुलपाचे स्क्रू दाराच्या मागच्या कडेवर असतात आणि त्यांच्या मुंड्या पत्र्यात बुडालेल्या असतात. गाडीला जितके वेळा रंग दिला गेला तितके थर त्या मुंड्यांच्या खाचांत भरलेले असतात. कापसाचे पोते शिवायचे दाभण इथेही उपयोगी पडले. खाच तळापर्यंत कोरून स्वच्छ केल्याशिवाय पेचकस लावूच नये, कारण अर्धवट बसलेला पेचकस एकदा घसरला की खाच संपते. त्यानंतर हातोडीच्या ठोक्यावर फिरणारा पेचकस घ्यावा. त्याने ठोका आणि पीळ एकदम मिळतात, आणि गंजलेला स्क्रू सुटण्यासाठी ठोकाच अधिक महत्त्वाचा असतो. आतल्या हँडलपासून कुलपापर्यंत जाणारी सळई काढताना ती वाकवू नये. तिची लांबी हीच कुलपाची जुळणी असते.

उतरवलेल्या सामानाचे काय करावे, याविषयी माझे मत नागपूरच्या प्लेटिंगवाल्यांना पटत नाही. त्यांच्या मते सगळे ‘नवीन करून’ टाकावे. क्रोमवर फोड आलेले जस्ताचे हँडल आम्लात बुडवून जुना थर काढताना खालचा धातूही खाल्ला जातो, आणि मग घासून-घासून त्याच्या कडा बोथट होतात. ज्या हँडलवर नुसते डाग होते ते मी साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन तसेच ठेवले. फक्त एक, ज्याचे क्रोम सालीसारखे निघत होते, ते पुन्हा प्लेटिंगला दिले. नकली हँडलच्या जागी मूळ बनावटीचे हँडल कोलकात्याहून मागवले. तिथल्या पिवळ्या टॅक्सी पुष्कळ वर्षे ॲम्बॅसेडरच होत्या, त्यामुळे मलिक बाजारात या गाडीचे सामान अजून निघते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी २०२१ मध्ये केंद्राने जे नियम केले, त्यांत चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. हँडलाचा त्यात उल्लेख नाही, पण मूळ रूप जपायचे ठरवले की ते दारापासूनच सुरू होते.

परत बसवताना सगळ्यात जास्त मतभेद वंगणावरून होतात. आमच्याकडे दाराच्या पोटात जळके ऑइल ओतायची पद्धत आहे. त्याने पत्रा टिकतो हे काही अंशी खरे, पण रबर फुगते, पॅनेलवर डाग उमटतात आणि काळ्या मातीची बारीक धूळ त्याला चिकटून घासकाम सुरू होते. यंत्रणेच्या दात्यांना आणि रोलरला थोडे ग्रीस पुरे. काच ज्या फेल्टच्या खोबणीतून सरकते तिथे ग्रीस अजिबात लावू नये. टाल्कम पावडर चोळली तरी काच हलकी चालते. पाण्याचा पडदा जाड प्लास्टिकचा कापून, चिकट पट्टीने चारी बाजूंनी लावून, त्याची खालची कड दाराच्या आत खोचावी. ती बाहेर राहिली तर पाणी पडद्यावरून ओघळून थेट पॅनेलच्या तळाशी येते, म्हणजे पडदा असून नसल्यासारखाच.

पॅनेल लावण्याआधी हँडल नुसते दांडीवर ठेवून काच अनेकदा वर-खाली करून पाहावी, आणि कुलपाची चाचणी दार उघडे ठेवूनच करावी. कुलपाची जीभ पेचकसाने फिरवून बंद स्थितीत न्यावी, मग आतल्या हँडलने ती सुटते का, बाहेरच्या हँडलने सुटते का, हे दोन्ही स्वतंत्रपणे पाहावे. सळई कुठे अडकली असेल आणि दार आधीच लावून टाकले असेल, तर पॅनेलचे काही स्क्रू आणि क्लिपा बंद दाराच्या कडेला दबून राहतात आणि आत हात घालायला जागाच उरत नाही. चाचणीत दोन्ही हँडले चालली, की मगच स्प्रिंग, पॅनेल आणि चकती जागेवर बसवून, चकती दाबून, पिन तिच्या मूळ बाजूने आत घालावी.